घरबसल्या वर्ल्डकॉन: पैसे वसूल होतात का?

अवकाशवेडी (नाशिक)

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सिएटलचं वर्ल्डकॉन घरून, ऑनलाइन केलं. गेल्या वर्षी ग्लासगोचंही असंच केलं होतं. इथे विज्ञानकथांच्या धाग्यांवर "तिकडच्या संमेलनांना आपण कधी जाणार" असा सुस्कारा अधूनमधून ऐकू येतो, म्हणून वेगळा धागा काढतेय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: वर्ल्डकॉन म्हणजे विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं जागतिक संमेलन. पहिलं १९३९ साली न्यूयॉर्कला भरलं, तेव्हा जेमतेम दोनेकशे माणसं होती. महायुद्धात १९४२ ते १९४५ खंड पडला, एरवी दरवर्षी वेगळ्या गावी भरतं. विज्ञानकथेचे ह्यूगो पुरस्कार इथेच देतात. चालवणारे सगळे हौशी स्वयंसेवक. मंचावर बसणारे बहुतेक लेखकही स्वतःची वर्गणी भरून येतात. २०२० चं वेलिंग्टनला व्हायचं होतं, ते कोविडमुळे पूर्ण ऑनलाइन झालं. तशी ती पहिलीच वेळ. त्यानंतर वॉशिंग्टन, शिकागो, ग्लासगो, सिएटल अशा सगळ्यांनी प्रत्यक्षाच्या जोडीला ऑनलाइनची सोय ठेवली.

आता मुद्द्याचं. नुसतं बघत बसणार असाल तर पैसे घालवू नका. लेखकांच्या चर्चा यूट्यूबवर ढिगाने पडल्यात, त्या फुकट बघा. ऑनलाइन कॉन घडतं ते व्हिडिओच्या शेजारच्या चॅटमध्ये आणि डिस्कॉर्डवर. तिथे लिहिणारा माणूस कॉनला गेला, बाकीच्यांनी टीव्ही पाहिला.

एक उदाहरण देते. ग्लासगोच्या वेळी चॅटमध्ये मंगळावरच्या शेतीवरून वाद जुंपला. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, ती आधी धुवायला हवी, मग धुतलेल्या पाण्याचं काय करायचं, असं चाललं होतं. माझं माहेर पिंपळगावकडे, घरी द्राक्षबाग. मी लिहिलं की आमच्याकडे जमीन-पाणी खारवट झालं तर माती बदलत बसत नाहीत, डॉगरिज नावाच्या खारटपणा सोसणाऱ्या जातीच्या खुंटावर कलम करतात. खाली मूळ एका जातीचं, वर वेल दुसऱ्या जातीची. झालं! फिनलंडची एक बाई, स्कॉटलंडचे एक निवृत्त मृदाशास्त्रज्ञ आणि ब्राझीलचा एक विद्यार्थी माझ्या मागेच लागले. खुंटावर कलम केव्हा भरतात, किती दिवसांनी फूट येते, खुंट आपण कुठून आणला, सगळं विचारून घेतलं. मूळ परिसंवाद कधी संपला कळलंही नाही. त्या बाईंशी अजून पत्रव्यवहार आहे.

वेळेचं गणित: ग्लासगो उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे. त्यांचा सकाळी दहाचा कार्यक्रम आपल्याला दुपारी अडीचला, म्हणजे उत्तम. फक्त ह्यूगो सोहळा रात्री साडेबाराला सुरू झाला आणि सकाळी मला बँकेत काउंटरवर बसायचं होतं. सिएटल साडेबारा तास मागे. तिथे उलटं: सोहळा रविवारी सकाळी पोहे खाता खाता पाहिला, पण दिवसाचे कार्यक्रम आपल्या रात्री साडेदहापासून पुढे. त्यात १६ तारखेला दहीहंडी. स्पीकर रात्री दहाला बंद व्हायला हवेत हे आमच्या चौकाला कोणी सांगितलेलं नाही. लघुकथेच्या रचनेवरची एक चर्चा मी 'गोविंदा आला रे'च्या ठेक्यावर ऐकली.

आणखी कोणी केलंय का? अनुभव लिहा, शंका विचारा.

बटाटवडा

मस्त लिहिलंय. पण हे मुंबईच्या कॉमिक कॉनसारखंच ना? वेशभूषा वगैरे?

अवकाशवेडी

वेशभूषा असते, रात्रीची स्पर्धाही असते. पण कॉमिक कॉन एक कंपनी भरवते, तुम्ही तिकीट काढून खरेदीला आणि नटनट्या बघायला जाता. इथे तुम्ही त्या वर्षापुरते सभासद होता आणि सभासद म्हणून मत देता. ह्यूगो कोणाला द्यायचा हे परीक्षक ठरवत नाहीत, सभासद ठरवतात.

झोपाळू

दोन शंका. १) खर्च किती? २) रात्री जागणं जमत नसेल तर?

अवकाशवेडी

१) मताचा हक्क देणारी मूळ वर्गणी सिएटलला पन्नास डॉलर होती, म्हणजे चार-साडेचार हजार रुपये. ऑनलाइन कार्यक्रमांचे पैसे त्यावर वेगळे. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून ठेवा, शिवाय बँक आपला अधिभार आणि त्यावर जीएसटी लावतेच.

एवढे पैसे कशाला, असं वाटेल. पण मूळ वर्गणीत ह्यूगोचं पॅकेट मिळतं. अंतिम यादीतल्या कथा-कादंबऱ्यांतलं बरंचसं मतदारांना वाचायला ईपुस्तकाच्या रूपात देतात. काही प्रकाशक पूर्ण कादंबरी देतात, काही नुसता उतारा. सगळं धरून महिनोन् महिने पुरेल इतकं वाचन होतं. माझ्यासाठी पैसे इथेच वसूल झाले, कॉन वरकड.

२) ध्वनिचित्रमुद्रणं नंतर काही आठवडे बघता येतात. पण वर म्हटलं तेच: नंतर बघताना चॅट गेलेलं असतं. मी रोज एकच कार्यक्रम जागून बघायचा असं ठरवलं होतं आणि बाकीचे सोडून दिले.

दक्षिणवारा (ऑकलंड)

२०२० चं लिहितो, कारण ते विचित्रच होतं.

मी वेलिंग्टनची प्रत्यक्ष वर्गणी भरून बसलो होतो. मार्चमध्ये जाहीर झालं की सगळं ऑनलाइन. गंमत अशी की २९ जुलैला कॉन सुरू झालं तेव्हा न्यूझीलंडमध्ये साथीचा सामाजिक प्रसार नव्हता. पब भरलेले, रग्बीची मैदानं भरलेली. सीमा मात्र बंद होत्या, बाहेरून कोणी येऊ शकत नव्हतं. त्यामुळे जगातल्या बहुधा सर्वांत मोकळ्या देशात आम्ही घरोघरी झूमवर बसून कॉन केलं. काही स्थानिक मंडळी एखाद्याच्या घरी जमून एकाच टीव्हीवर बघत होती. तेवढंच प्रत्यक्ष.

कार्यक्रम न्यूझीलंडच्या वेळेनुसार. आमचे सकाळचे दहा म्हणजे भारतात पहाटेचे साडेतीन. युरोपवाल्यांची तर पूर्ण पंचाईत. मग काही चाहत्यांनी आपल्या बळावर 'कॉन्झीलंड फ्रिंज' नावाची समांतर मालिका काढली (कॉन्झीलंड हे त्या कॉनचं नाव), आम्ही झोपलेले असताना युरोपच्या सोयीच्या वेळी. अधिकृत कार्यक्रमात ज्यांना जागा मिळाली नव्हती असे लोक तिथे बोलले. मला त्यातली काही सत्रं मूळ कार्यक्रमापेक्षा धारदार वाटली.

ह्यूगो सोहळा आमच्या सकाळी अकराला सुरू झाला आणि दुपारचं जेवण उलटून गेलं तरी चालूच. साडेतीन तासांच्या आसपास. जॉर्ज आर. आर. मार्टिन सूत्रसंचालक होते. जुन्या काळच्या आठवणी फार आणि आजच्या विजेत्यांना वेळ कमी, शिवाय नामांकितांची नावं चुकीची उच्चारली गेली, यावर पुढे बरीच टीका झाली. दुसरीकडे त्याच सोहळ्यात जेनेट इंगला ह्यूगो मिळाला, तो कशासाठी? आदल्या वर्षी पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणासाठी! त्या भाषणात तिने ज्यांच्या नावाने पुरस्कार होता त्या संपादक कॅम्पबेल यांच्यावर सडकून टीका केली आणि पुढे त्या पुरस्काराचं नावच बदललं.

प्रत्यक्ष सभागृहात साडेतीन तास कोणी कुरकुर करत नाही, शेजाऱ्याला कोपराने ढोसतो आणि बसतो. घरी माणूस शेजारच्या खिडकीत ट्विटर उघडून बसलेला असतो. त्यामुळे सोहळा चालू असतानाच त्याचं परीक्षण चालू होतं. ऑनलाइनचा हा फरक मोठा आहे आणि माझ्या मते चांगला आहे.

मिशिगनकाठ

मी शिकागोला २०२२ साली प्रत्यक्ष गेलो होतो, त्यामुळे दुसरी बाजू.

कॉन खरं घडतं ते हॉटेलच्या लिफ्टपाशी. हे तुम्हाला ऑनलाइन मिळणार नाही, कितीही चॅट करा. हायट रीजन्सीच्या खालच्या बारमध्ये मी ज्या माणसाशी तासभर जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर बोललो, तो मला आवडणाऱ्या कादंबऱ्यांचा संपादक निघाला. ओळखपत्र उलटं लटकत होतं म्हणून कळलं नाही. कळलं असतं तर मी बोललोच नसतो.

आणि संमिश्र सत्रं म्हणजे दोन्हीकडचे अर्धपोटी. कुठल्या संमेलनात ते सांगत नाही, पण एका सत्रात चार वक्ते मंचावर आणि एक पडद्यावर होती. मंचावरचे एकमेकांकडे बघून बोलायचे. पडद्यावरची बाई हात वर करून करून दमली आणि शेवटी नुसती हसत बसली. प्रेक्षकांतून प्रश्न आला की तो माइकवर नसायचा, त्यामुळे घरून बघणाऱ्यांना उत्तर ऐकू यायचं, प्रश्न नाही. एक तर पूर्ण ऑनलाइन सत्र करा, नाहीतर पूर्ण खोलीतलं. मधलं नको.

अवकाशवेडी

@मिशिगनकाठ, संमिश्र सत्रांबद्दल शंभर टक्के सहमत. लिफ्टबद्दल अर्धीच. तुमच्या लिफ्टपाशी पोचायला मला व्हिसा, दीड लाखाचं विमान आणि आठवड्याची रजा लागते. माझ्यासाठी पर्याय लिफ्ट की चॅट असा नाहीच. चॅट की काहीच नाही, असा आहे.

मिशिगनकाठ

मान्य. व्हिसाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, आणि हल्ली तर तो आणखीच खरा आहे.

उकडीचा_मोदक

तिथे गाण्यांच्या मैफली होतात म्हणे, फिल्क की काय. त्या ऑनलाइन कशा करतात? आमच्या आईच्या भजनी मंडळाने लॉकडाउनमध्ये झूमवर हरिपाठ करून पाहिला होता. प्रत्येकीचा टाळ वेगळ्या मात्रेवर. दुसऱ्या दिवशी मंडळ फोनवर आलं आणि एकेकीने एकेक अभंग म्हणायचा असं ठरलं.

अवकाशवेडी

आईंच्या मंडळाने जो तोडगा काढला तोच फिल्कवाल्यांनी काढलाय! आवाज पोचायला सेकंदाचा काही अंश लागतो आणि तेवढ्यात ठेका जातो. त्यात झूम एका वेळी एकाच आवाजाला वाव देतं, बाकीच्यांना गोंगाट समजून दाबतं. म्हणून एक जण गातो, बाकी सगळे आवाज बंद करून आपापल्या घरी साथ करतात. पडद्यावर वीस-पंचवीस माणसं तोंड हलवताना दिसतात आणि ऐकू येतो एकच गळा. मला आधी हसू आलं. पण धृपद आलं तेव्हा मीही खुर्चीत गात होते, मुलगा दारात उभा राहून बघत होता.

फिल्क म्हणजे चाहत्यांनी रचलेली गाणी, बरीचशी प्रसिद्ध चालींवर बेतलेली. सिएटलच्या सन्माननीय पाहुण्यांत अलेक्झांडर जेम्स ॲडम्स हे या परंपरेतले गायक होते.

शंकासुर

एक मिनिट. पैसे भरा आणि मत द्या? म्हणजे ज्याच्याकडे पैसे तो शंभर वर्गण्या भरून पुरस्कार विकत घेणार. घरबसल्या तर आणखी सोपं.

दक्षिणवारा (ऑकलंड)

@शंकासुर, कोणीतरी अगदी हेच केलं होतं, ग्लासगोलाच. २०२४ च्या मतमोजणीत ३७७ मतं बाद झाली, एकूण मतांच्या सुमारे दहावा भाग. एका विशिष्ट नामांकिताला जिंकवण्यासाठी ती टाकलेली होती. संयोजकांनी स्वतःच निवेदन काढून सांगितलं. पकडलं कसं ते वाचा: एका गठ्ठ्यातल्या मतदारांची आडनावं तंतोतंत सारखी, फक्त पहिलं अक्षर बदललेलं आणि तेही वर्णानुक्रमे. दुसऱ्या गठ्ठ्यातली नावं म्हणजे ओळीने येणाऱ्या आकड्यांची भाषांतरं. म्हणजे आपल्याकडे श्री. एकवीस, श्री. बावीस, श्री. तेवीस अशांनी मत द्यावं तसं.

ती मतं धरली असती तर तो नामांकित जिंकला असता. त्याला या प्रकाराची कल्पना होती असा कोणताही पुरावा नाही, हेही निवेदनात होतं आणि नाव गुप्त ठेवलं.

शंकासुर

श्री. एकवीस! चोरी करणाऱ्याला निदान कल्पनाशक्ती तरी हवी होती, तीही विज्ञानकथेच्या पुरस्कारात.

सोसायटीचा_सचिव

मी कथा फार वाचत नाही. मला त्यांची कामकाज सभा बघायची होती. गेली अकरा-बारा वर्षं आमच्या गृहनिर्माण संस्थेचं सचिवपद माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे दुसऱ्यांची भांडणं बघायची हौस.

ही सभा कॉनच्या दिवसांत सकाळी एका खोलीत भरायची. नियम बदलायचा तर तिथे हजर असलेल्यांनीच हात वर करायचा. म्हणजे जगभरच्या संमेलनाचे नियम कोण ठरवणार, तर ज्यांना प्रवास परवडतो ते. सिएटलने यंदा ही सभा कॉनच्या आधी, जुलैमध्ये, चार बैठका करून पूर्ण ऑनलाइन घेतली. मूळ वर्गणी भरलेला माणूस घरून मत देऊ शकत होता. मी आमच्या मध्यरात्री बसलो होतो.

अवकाशवेडी ताईंनी चॅटचं लिहिलंय, माझ्या मते खरा बदल हा आहे. चॅट आज आहे, उद्या नाही. मताचा हक्क हातात आला की तो परत घेणं अवघड असतं. अर्थात पुढच्या वर्षीच्या संयोजकांवर हे बंधनकारक नाही. त्यांचं कायमस्वरूपी कार्यालयच नाही, दरवर्षी नवी समिती. आणि घटनेत काहीही बदल करायचा तर लागोपाठ दोन वर्षांच्या सभांनी मंजूर करावा लागतो. हा नियम मला इतका आवडला की पार्किंगच्या ठरावाला लावून पाहावा असं मनात आहे.

सभा कंटाळवाणी होती का? हो, प्रचंड. हरकतीवर हरकत, दुरुस्तीवर दुरुस्ती. मी शेवटपर्यंत बसलो.

अवकाशवेडी

सचिवकाका, हे मला खरंच माहीत नव्हतं की घरून मत देता येत होतं. नोंद केली.

खगोलकाका (पुणे)

धागा उशिरा पाहिला. सगळं वाचलं. एक जुनं सांगतो, कारण 'दूर राहून सहभाग' ही गोष्ट आपल्याकडे संगणकाच्या आधीची आहे.

मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथा स्पर्धा घेते. १९७४ साली त्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपली आद्याक्षरं उलट करून त्यांनी टोपणनाव घेतलं, जेणेकरून परीक्षकांवर नावाचा दाब पडू नये. टपालाने पाठवलेली कथा, नाव लपवलेलं, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. तुमच्या चॅटमध्ये तरी दुसरं काय असतं?

२०२१ ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. एका वैज्ञानिक-विज्ञानकथाकाराला संमेलनाध्यक्षपद मिळालं आणि तेच व्यासपीठावर नव्हते, याची मला फार चुटपुट लागली होती. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

बटाटवडा

काका, मग आपणच का करू नये? मराठी विज्ञानकथेचं ऑनलाइन कॉन. दोन दिवस, झूम, काही लेखक, झालं.

खगोलकाका (पुणे)

'झालं' इतकं सोपं असतं तर कधीच झालं असतं. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, दुसऱ्या दिवशी आभारप्रदर्शन, मध्ये अध्यक्षांचं पन्नास मिनिटं भाषण. आपल्याकडे वाचकाला बोलायला देत नाहीत, हा खरा अडथळा आहे.

उकडीचा_मोदक

झूमवर दीपप्रज्वलन पाहिलंय मी. प्रमुख पाहुण्यांनी आपल्या घरी समई लावली आणि नेमका तेव्हाच कॅमेरा छताकडे.

अवकाशवेडी

दोन दिवस नकोच. एक संध्याकाळ, एक कथा. सगळ्यांनी आधी वाचून यायची. लेखक आला तर उत्तम, पण भाषण नाही. ग्लासगोला लेखकाबरोबर आठ-दहा जणांच्या गप्पांची छोटी सत्रं होती, आधी नाव नोंदवावं लागायचं. तो साचा आपल्याला जमण्यासारखा आहे. दहा माणसं असली की प्रत्येकाला बोलावंच लागतं.

मिशिगनकाठ

माझं नाव घ्या. भारतातली रात्र असेल तर इथे सकाळ, सोयीचं आहे.

बटाटवडा

माझंही. कथा कोणती?

खगोलकाका (पुणे)

कथा मी सुचवतो, व्यनि (खाजगी निरोप) करा. परीक्षकगिरी करणार नाही, असं आत्ताच लिहून देतो.

अनुस्वार

वाचनमात्र होते, आता लिहितेच. यंदा सिएटलने कवितेसाठी खास ह्यूगो ठेवला होता, तो मेरी ब्रेनन यांच्या कवितेला मिळाला. ती 'स्ट्रेंज होरायझन्स'मध्ये आली होती. हे मासिक ऑनलाइन फुकट वाचता येतं, २०२४ ला त्यालाही ह्यूगो मिळाला आणि दिल्लीचे गौतम भाटिया त्याच्या संपादकांपैकी. ज्यांना वर्गणी भरण्याआधी चव घ्यायचीय त्यांनी तिथून सुरुवात करा. अवकाशवेडी, तुला एक विचारायचं होतं: सिएटलची वर्गणी संपली की सगळं संपलं का?

अवकाशवेडी

@अनुस्वार, नाही. आदल्या वर्षीच्या सभासदाला पुढच्या वर्षीच्या ह्यूगोसाठी नामांकन करता येतं. म्हणजे मी २०२६ साठी नावं सुचवू शकते. अंतिम मतदानाला मात्र त्या वर्षीची वर्गणी लागते. प्रत्येक विभागात पाच नावं सुचवता येतात. यंदा इंग्रजीत आलेलं कोणा भारतीय लेखकाचं काही चांगलं वाचलं असेल तर इथे सांगा, मी वाचून ठरवेन. नुसतं 'आपलं आहे' म्हणून नाव घालणार नाही, आधीच सांगते.

झोपाळू

पुढचं कुठे आणि कधी?

अवकाशवेडी

अनाहाइम, कॅलिफोर्निया. २७ ते ३१ ऑगस्ट २०२६. वेळ सिएटलसारखीच, साडेबारा तास मागे.

उकडीचा_मोदक

२८ ला नारळी पौर्णिमा येतेय. नारळीभात खाऊन रात्री साडेदहाला चर्चासत्र ऐकणारा माणूस मला बघायचाय.

झोपाळू

मी खगोलकाकांच्या कथेला येतो. अनाहाइमचं तुम्ही जागून बघा आणि सकाळी इथे लिहा.